दाताची जांभळी कॅप भट्टीतून काळपट का निघते? रंगावरून चूक कशी ओळखायची?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर हा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. दाढेच्या आकाराची निळी-जांभळी कॅप एका छोट्या भट्टीत जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती बाहेर येते तेव्हा खऱ्या दातासारखी दिसते. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, 'वरून रंग मारला का?' चमक आणि बारीक छटा देण्यासाठी वरून एक पातळ थर लावतात हे खरं, पण जांभळ्याचा दातासारखा रंग होतो तो त्यामुळे नाही. तो बदल आतून, पूर्ण जाडीत होतो.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट अशी की हा बदल दर वेळी नीट होत नाही. कधी कॅप राखाडी निघते, कधी जांभळी झाक राहून जाते, कधी काळे ठिपके येतात, तर कधी कडेला हिरवट-पिवळट रंग चढतो. दिसायला वाईट, एवढाच हा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी होती. या प्रकारच्या कॅपमध्ये रंग आणि ताकद एकाच भट्टीत, एकाच वेळी तयार होतात. त्यामुळे काही बिघडलेले रंग 'ही कॅप अजून कच्ची आहे' असं सांगत असतात.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात याला आणखी एक पदर आहे. दात घासून माप घेतलं जातं दवाखान्यात, कॅप बनते सहसा दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये, आणि ती परत यायला काही दिवस जातात. पेशंट कॅप पाहतो ती थेट खुर्चीत बसल्यावर, पाच मिनिटं. त्यानंतर सिमेंट लागतं. एकदा पक्की चिकटवलेली अशी कॅप सहसा अख्खी निघत नाही, कापून काढावी लागते. म्हणून बिघडलेला रंग ओळखायची वेळ सिमेंटच्या आधीची.

मुळात ती निळी का असते?

या कॅपला दवाखान्यात बहुतेक वेळा 'ई-मॅक्स' म्हणतात. हे लिक्टेनस्टाइनच्या इव्होक्लार कंपनीचं ब्रँडनेम आहे, पण फोटोकॉपीला जसं सर्रास 'झेरॉक्स' म्हणतात तसंच याचं झालंय. पदार्थाचं खरं नाव लिथियम डायसिलिकेट. हा ग्लास-सिरॅमिकचा एक प्रकार, म्हणजे अशी काच जिच्या पोटात ठरवून स्फटिक वाढवलेले असतात.

पूर्ण तयार झालेलं लिथियम डायसिलिकेट इतकं कडक असतं की मशिनवर कोरताना हत्यारं झिजतात आणि कडा टवके उडून तुटतात. त्यावर तोडगा म्हणून ब्लॉक अर्धवट अवस्थेत विकला जातो. या अवस्थेत त्यात सुमारे ४० टक्के स्फटिक असतात आणि तेही वेगळ्या जातीचे, लिथियम मेटासिलिकेटचे. ताकद असते साधारण १३० मेगापास्कल. कॉम्प्युटरवर कॅपचं डिझाइन होतं आणि मिलिंग मशिन या ब्लॉकमधून ती कोरून काढतं.

मग भट्टी. तापमान ८२० अंश सेल्सिअसच्या आसपास भरभर चढवतात, तिथून सावकाश ८४० ते ८५० पर्यंत नेतात आणि सात ते दहा मिनिटं तिथेच ठेवतात. नेमके आकडे प्रत्येक ब्लॉकच्या माहितीपत्रकात वेगळे असतात. या काळात मेटासिलिकेटचे स्फटिक विरघळतात आणि त्यांच्या जागी डायसिलिकेटचे लांबट, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकत वाढतात. शेवटी कॅपच्या सुमारे ७० टक्के आकारमानात स्फटिक असतात आणि ताकद ३६० मेगापास्कलच्या पुढे जाते. तडा पुढे सरकायला लागला की त्याला या सुयांच्या गुंत्यातून वाट काढावी लागते, म्हणून कॅप सहज फुटत नाही.

निळा रंग येतो काचेत विरघळवलेल्या धातूंच्या अंशांमुळे. भट्टीत त्यांची रासायनिक अवस्था बदलते आणि निळा जाऊन ए-२, बी-१ अशी ठरलेली छटा उमटते. निळा रंग गेला याचा साधा अर्थ, उष्णतेने आपलं काम केलं. गेला नाही, तर कुठेतरी कमी पडलं.

या पदार्थाचा जन्मच भट्टीच्या चुकीतून झाला, हे इथे सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी नावाचे संशोधक १९५३ मध्ये लिथियमयुक्त काचेची पट्टी ६०० अंशांना तापवत होते. भट्टीचा नियंत्रक बिघडला आणि तापमान ९०० पर्यंत गेलं. काचेचा चिखल झाला असेल असं त्यांना वाटलं, पण बाहेर आली ती पांढरी, अपारदर्शक, आकार न बदललेली पट्टी. ती चिमट्यातून निसटून खाली पडली आणि फुटली नाही. ग्लास-सिरॅमिकची सुरुवात इथून मानतात. पुढे याच शोधातून स्वयंपाकघरातली कॉर्निंगवेअरची भांडी आली आणि कित्येक वर्षांनी दाताच्या कॅप.

स्टुकींची भट्टी ३०० अंशांनी चुकली आणि शोध लागला. दाताच्या लॅबची भट्टी वीस-तीस अंशांनी चुकली तरी कॅप वाया जाते.

जांभळी किंवा करडी झाक: सगळ्यात गंभीर खूण

कॅप बाहेर आली, दातासारखी दिसतेय, पण सावलीत धरली की जांभळट किंवा निळसर-करडी वाटते. अशा वेळी पहिला संशय कमी तापमानाचा.

भट्टीच्या स्क्रीनवर ८४० दिसत असताना आत ८४० असतंच असं नाही. आतलं तापमान मोजतो तो थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा जोड. रोज शेकडो अंशांपर्यंत तापून-थंडावून तो थकतो आणि हळूहळू चुकीचं सांगू लागतो. तापवणारी तार असलेला भट्टीचा आतला भाग, ज्याला मफल म्हणतात, तोही जुना होतो. या बिघाडाला आवाज नसतो, एरर कोड नसतो. कॅप मात्र महिन्यागणिक थोड्या थोड्या करड्या होत जातात आणि लॅबमधल्या डोळ्यांना त्याची सवय होते.

तपासायची रीत जुनी आणि सोपी आहे. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, हे निसर्गाने ठरवलेलं आहे. त्यामुळे चांदीची बारीक तार भट्टीत ठेवून ती नेमकी स्क्रीनवरच्या कोणत्या आकड्याला वितळते हे पाहतात. तार ९४० दाखवतानाच वितळली, तर भट्टी सांगते त्याहून जास्त तापतेय. ९८० दाखवूनही तार शाबूत असेल, तर कमी. अनेक भट्ट्यांसाठी कंपन्या असा संच तयार विकतात आणि त्यावरून भट्टी स्वतःला दुरुस्त करून घेते. कामाचा भार जास्त असलेल्या लॅबने हे ठरावीक दिवसांनी करायलाच हवं. प्रत्यक्षात रंगाची तक्रार आली की मगच चांदीची तार शोधली जाते, हा कंजूषपणा महागात पडतो.

भट्टी ठीक असूनही उष्णता कमी पडू शकते. एका वेळी जास्त कॅप कोंबल्या, ठरवून दिलेल्या ट्रेऐवजी दुसराच जाड ट्रे वापरला, तर बरीचशी उष्णता ट्रेच पितो. कॅपच्या पोटात आधारासाठी पुट्टी भरतात आणि तिच्यात पिन खोचतात. पिन तिरकी बसली आणि कॅप ट्रेला टेकली, तर तो भाग वेगळा तापतो. चुकीचा प्रोग्राम लावणं ही तर सगळ्यात साधी चूक. फक्त ग्लेझ करण्याचा कमी तापमानाचा प्रोग्राम लागला, तर वरचा थर चकचकीत होईल आणि आतली काच अर्धकच्ची राहील. एका कंपनीच्या ब्लॉकला दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम लावला तरी तेच. काही ब्लॉक आधीच पूर्ण तयार असतात, त्यांना भट्टीची गरज फक्त चमकेपुरती. सगळ्यांना एकच प्रोग्राम चालतो हा गैरसमज आहे.

आणि वीज. पावसाळी वाऱ्यात लाइट जाणं मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांना नवीन नाही. भट्टी ८०० अंशांवर असताना वीज गेली, तर स्फटिकांचा बदल मध्येच अडतो. घरगुती इन्व्हर्टरला अशी भट्टी सहसा झेपत नाही, तिला ताकदीचा यूपीएस लागतो. वीज आल्यावर तीच कॅप पुन्हा पूर्ण प्रोग्रामला लावण्याचा मोह होतो. रंग कदाचित येईलही, पण अर्ध्यात थांबून पुन्हा सुरू झालेल्या कॅपमध्ये स्फटिक कसे वाढले हे डोळ्यांनी कळायला मार्ग नाही. अशा वेळी नवा ब्लॉक घेऊन कॅप पुन्हा कोरणं हाच शहाणपणा.

जांभळ्या झाकेवर पिवळट-तपकिरी स्टेन लावून ती 'दुरुस्त' करणं मात्र धोक्याचं आहे. रंग जुळतो, ताकद नाही. दाढेवर चावताना येणारा भार ही कॅप पुढची कित्येक वर्षं पेलणार असते.

उलट टोकही आहे. भट्टी जास्त तापली तर कॅपच्या धारदार कडा गोलसर होतात, चावायच्या भागावरच्या बारीक रेषा बुजतात, आकार किंचित बसतो. रंगापेक्षा ही चूक फिटिंगमध्ये आधी कळते, कारण कॅप दातावर नीट बसत नाही.

काळे ठिपके आणि धुरकट राखाडी रंग

हे बहुतेक वेळा तापमानाचं काम नसतं, घाणीचं असतं. मिलिंग करताना कॅपवर पाणी आणि कूलंट उडत असतं. त्याचे अंश, बोटांचं तेल, मार्करची किंवा पेन्सिलची खूण, साफ न झालेली पुट्टी यातलं काहीही पृष्ठभागावर राहिलं, तर ते भट्टीत जळतं. उघड्या हवेत ते जळून उडून गेलं असतं. इथे भट्टी ठरावीक तापमानापासून व्हॅक्यूम ओढते, म्हणजे आतली हवा काढून घेते. हवा नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा तिथेच राहतो. त्यावर ग्लेझचा थर वितळून बसला की डाग काचेखाली कायमचा बंद.

म्हणूनच प्रोग्रामच्या सुरुवातीला भट्टी काही मिनिटं कमी तापमानावर थांबते. ओलावा आणि उडून जाणारे पदार्थ तेव्हा बाहेर पडतात. डिलिव्हरीची घाई असली की ही मिनिटं कापली जातात. वेगवान प्रोग्राम कंपन्या स्वतःही देतात आणि ते वापरायला हरकत नाही, पण ते कोरड्या, स्वच्छ कॅपसाठी असतात.

मिलिंग मशिनचं पाणी हा दुसरा संशयित. त्याच मशिनवर, त्याच टाकीच्या पाण्यात दुसरे पदार्थही कोरले जात असतील, तर त्यांची भुकटी पाण्यासोबत फिरत राहते आणि काचेच्या कॅपच्या खरबरीत पृष्ठभागात शिरून बसते. टाकीचं पाणी दुधासारखं दिसत असेल, तर वेगळी तपासणी करायची गरजच नाही.

हिरवट-पिवळट कडा: भट्टीची जुनी आठवण

आजही भारतात मोठ्या प्रमाणावर बसवल्या जातात त्या मेटल-सिरॅमिक कॅप, म्हणजे आत धातू आणि वर चिनीमातीसारखा थर. पेशंट त्यांना नुसतं 'सिरॅमिक कॅप' म्हणतात. छोट्या लॅबमध्ये या कॅप आणि काचेच्या कॅप एकाच भट्टीत भाजल्या, तर धातूची वाफ मफलच्या भिंतींवर बसते आणि पुढच्या फेरीत काचेवर उतरते. चांदी असलेल्या मिश्रधातूंमुळे पोर्सलीन पिवळं-हिरवं पडतं हे दंतवैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण पिवळा रंग देतात. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांमधला पिवळा रंगही चांदीचाच. तिथे तो मुद्दाम आणला होता, इथे नको आहे.

उपाय दोन. शक्य असेल तर काचेच्या कॅपसाठी वेगळी भट्टी, आणि नसेल तर भट्टी रिकामी ठेवून जास्त तापमानाला स्वच्छतेची फेरी. अनेक भट्ट्यांमध्ये त्यासाठी प्रोग्राम आधीच दिलेला असतो. एक-दोन फेऱ्यांनंतरही हिरवी झाक येत राहिली, तर मफल बदलण्याची वेळ आली असं समजायचं.

झिरकोनियाची कॅप ही पूर्ण वेगळी गोष्ट, ती यात मिसळू नका. ती काच नाही. तिला साधारण १४५० ते १५५० अंश लागतात, तिची भट्टीही वेगळी असते आणि रंग बिघडण्याची कारणंही वेगळी.

पांढुरके चट्टे आणि लातूरचं पाणी

लातूर जिल्ह्याला पाण्याची ओळख करून द्यायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. टंचाई नसते तेव्हाही बऱ्याच ठिकाणी भिस्त बोअरवर असते आणि बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. गिझरच्या कॉइलवर, बाथरूमच्या नळावर पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा.

मिलिंगनंतर कॅप धुतात, अल्ट्रासॉनिक भांड्यात हलवतात किंवा वाफेच्या फवाऱ्याने साफ करतात. हे पाणी बोअरचं असेल, तर थेंब सुकल्यावर क्षार कॅपवरच राहतात. भट्टीत ते जळत नाहीत, कारण ते मुळात दगडाचेच अंश. ग्लेझमध्ये मिसळून ते पांढरट, खडबडीत चट्टा तयार करतात. लॅब ग्लेझला दोष देते, ग्लेझची नवी बाटली उघडते, चट्टे कायम. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन ही इथली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. ग्लेझ पावडर कालवायलाही नळाचं पाणी नको, कंपनीचंच द्रावण हवं.

पांढरेपणाची आणखी तीन कारणं आढळतात. व्हॅक्यूम पंप कमजोर झाला किंवा भट्टीच्या दाराचं सील गळत असेल, तर ग्लेझमध्ये बारीक बुडबुडे अडकतात आणि कॅप दुधट, निस्तेज दिसते. पाणी न वापरता जोरात घासल्यामुळे पृष्ठभाग तापून सूक्ष्म तडे गेले असतील, तर तिथे खडूसारखा डाग दिसतो. आणि कॅपच्या आतल्या बाजूला पांढरी पावडर दिसली तर भट्टीकडे बघूच नका. चिकटवण्याआधी आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावतात. लिथियम डायसिलिकेटला पाच टक्क्यांच्या आसपासचं ॲसिड २० सेकंद पुरतं. जास्त वेळ राहिलं की काच जास्त झिजते आणि पांढरा साका उरतो.

भट्टी निर्दोष असते तेव्हा

रंगाच्या तक्रारींपैकी सगळ्या भट्टीच्या नसतात. एक चूक तर इतकी साधी आहे की हसू येईल. कच्चे ब्लॉक जवळपास एकसारखे निळे-जांभळे दिसतात, मग ते ए-१ चे असोत की ए-३ चे. छटा लिहिलेली असते ब्लॉकवर, आणि मिलिंग झाल्यावर ते लिखाण कचऱ्यात जातं. ट्रेमध्ये दोन पेशंटच्या दोन जांभळ्या कॅप शेजारी ठेवल्या आणि चिठ्ठी हलली, तर भट्टीतून बाहेर येईपर्यंत कुणालाही पत्ता लागत नाही.

दुसरं कारण खालचा दात. काचेची कॅप सुंदर दिसते कारण तिच्यातून प्रकाश आरपार जातो. त्याच कारणाने खालचं सगळं वर दिसतं. रूट कॅनाल होऊन काळवंडलेला दात किंवा आत बसवलेला धातूचा पोस्ट पातळ कॅपमधून राखाडी झाक देतो. लॅबमध्ये टेबलावर कॅप अगदी बरोबर असते, तोंडात गेली की करडी. यासाठी ब्लॉक पारदर्शकतेप्रमाणे वेगवेगळे मिळतात आणि काळ्या दातासाठी जास्त अपारदर्शक ब्लॉक निवडतात. पण खालचा दात काळा आहे हे लॅबला कुणीतरी सांगायला हवं. घासलेल्या दाताचा रंग कळवला नसेल, तर लॅब अंधारात बाण मारत असते.

भट्टी की दात, हे ओळखायला साधी युक्ती आहे. सुटी कॅप आधी पांढऱ्या कागदावर धरा, मग काळ्या कापडावर. पांढऱ्यावर रंग बरोबर आणि काळ्यावर करडा दिसत असेल, तर कॅपची जाडी किंवा पारदर्शकता हा प्रश्न आहे. पांढऱ्यावरही करडीच दिसत असेल, तर दोष कॅपमध्येच आहे.

तिसरं कारण व्हॉट्सॲप. छटा जुळवण्यासाठी दवाखान्यातून लॅबला दातांचा फोटो जातो. फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो, त्यात पिवळा बल्ब किंवा निळसर एलईडी ट्यूब, वर फोटो दाबून लहान केलेला. अशा फोटोवरून ए-२ आणि ए-३ वेगळे करणं अवघड. फोटोत दाताला लागून छटेची पट्टी धरली आणि तिच्यावरचा आकडा दिसत असला, तर लॅबला तुलना करता येते. छटा घ्यायची ती दात घासण्याआधी, दिवसाच्या उजेडात आणि दात ओला असताना. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. तेव्हा निवडलेली छटा दुसऱ्या दिवशी उपरी वाटते.

नांदेड परिसरात आणखी एक अडचण येते. तिथल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी असं पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग असतात, याला फ्लोरोसिस म्हणतात. छटा जुळवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या व्हिटाच्या पट्टीवर १६ छटा आहेत, त्यातली एकही अशा दातासाठी नाही. ए-२ ची निर्दोष कॅप या दातांच्या रांगेत एकटी पडते आणि पेशंटला वाटतं रंग चुकला. वरून स्टेन लावून शेजारच्या दातासारखे पट्टे काढता येतात, पण त्यासाठी टेक्निशियनला पेशंट समोर दिसावा किंवा निदान चांगले फोटो मिळावेत.

लॅबने शोध कुठून सुरू करावा?

एकाच कॅपचा रंग बिघडला की त्या दिवसाच्या सगळ्या कॅपचा, हा पहिला प्रश्न. एकीचाच बिघडला असेल, तर घाण, पिन, पुट्टी किंवा चुकीची चिठ्ठी. सगळ्यांचा बिघडला असेल, तर भट्टी, पाणी किंवा ग्लेझची बाटली. डाग नेहमी ट्रेच्या एकाच बाजूच्या कॅपवर येत असेल, तर मफल एका बाजूने कमी तापतोय.

त्यानंतर एक कोरी कॅप घ्यायची. स्टेन नाही, ग्लेझ नाही, डिस्टिल्ड वॉटरने धुतलेली, पूर्ण सुकवलेली. ती एकटीच कंपनीच्या प्रोग्रामवर भाजायची. बरोबर निघाली तर भट्टी सुटली, दोष ग्लेझ, पाणी किंवा घाईत शोधायचा. तीही करडी निघाली तर चांदीची तार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ऐकायला सोपं आहे. बहुतेक जण घाबरून तापमान, ग्लेझ आणि पाणी एकदम बदलतात. मग पुढची कॅप चांगली निघाली तरी नेमका दोष कशात होता हे कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत येतो.

बिघडलेली कॅप पुन्हा भट्टीत घालून सुधारते का?

रंग किंचित फिका किंवा गडद असेल, तर हो. स्टेन लावून दुरुस्तीची फेरी देता येते आणि तशी सोय कंपन्यांनीच केलेली आहे. मात्र प्रत्येक फेरीत छटा आणि पारदर्शकता थोडी हलते, त्यामुळे तीन-चार वेळा 'अजून एकदा' करणं टाळलेलं बरं. ग्लेझखाली अडकलेला काळा ठिपका घासून काढता येतो, पण तिथली जाडी कमी होते. दाढेच्या कॅपला सर्वसाधारणपणे १.५ मिलिमीटर जाडी धरतात. पक्क्या चिकटवणीच्या काही कॅप १ मिलिमीटरपर्यंतही चालतात, त्याखाली जाणं जोखमीचं. जांभळी झाक आणि मध्येच बंद पडलेली भट्टी, या दोन प्रसंगांत नवी कॅपच हवी.

पेशंट म्हणून तुम्हाला हे सगळं तपासता येणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून आरसा मागता येतो. शक्य असेल तर खिडकीजवळ उभं राहून, ओठ ओले करून पाहा. शेजारच्या दातापेक्षा ती करडी किंवा जांभळट वाटली, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: ही झाक खालच्या दाताची आहे की कॅपची, आणि ब्लॉक कोणत्या कंपनीचा, कोणत्या छटेचा होता. ब्लॉकच्या पाकिटावर छटा आणि बॅच नंबर छापलेला असतो, लॅबने तो जपला असेल तर उत्तर लगेच मिळतं. कॅप परत लॅबला गेली तर आणखी काही दिवस तात्पुरत्या कॅपवर काढावे लागतील आणि चाकूरच्या स्टँडवरून दवाखान्याची एक फेरी वाढेल. नव्या कॅपचे पैसे कोण देणार हे मात्र त्याच वेळी, खुर्चीतून उठण्याआधी बोलून घ्या. लॅबची चूक असेल तर डॉक्टर आणि लॅब ते आपसात मिटवतात, पण सिमेंट लागल्यानंतर ही चूक कुणाची होती हे ठरवणं फार कठीण होऊन बसतं.